जागेवाल्याला दिलेला शब्द

आमच्या वसतिगृहातल्या मुली एकेक करून शाळा का सोडून जातात, हे पुण्याच्या संस्थेला कळेना. आम्हां मुलींना ते पक्कं माहीत होतं. पण काही कारणं अशी असतात की ती सांगण्यापेक्षा आजी मेली म्हणून सांगणं सोपं जातं, आणि त्या वर्षी आमच्यापैकी बऱ्याच जणींच्या आज्या मेल्या.

सुरुवातीपासून सांगते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमचं गाव मालवणपासून आत, कट्टा गावाच्या पलीकडे. तिथली शाळा सातवीत संपायची. मी सातवी झाले त्याआधीच वडील तापाने गेले होते. आई लावणी-कापणीला लोकांच्या मळ्यात जायची आणि इतर वेळी काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. बियांच्या सालीतल्या तेलाने तिची बोटं बारा महिने काळी असत. सातवीनंतर मी तिच्या शेजारच्या पाटावर बसणार हे सगळ्या वाडीने गृहीत धरलं होतं. त्यात कुणाला वाईट वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आमचे गुरुजी बातमी घेऊन आले. पुण्याच्या काही बायकांनी मिळून गरीब घरच्या मुलींच्या शिक्षणासाठी संस्था काढली होती. ती मालवणात वसतिगृह सुरू करत होती. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, हायस्कूल चालत जाण्याइतकं जवळ. आईने बराच विचार केला आणि म्हणाली, "एक वरीस बघूया. नाय जमला तर कारखानो खंय पळान जाता?"

वसतिगृह म्हणजे एका मुंबईकराचं बंद पडलेलं कौलारू घर. भोवती गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणभिंत, मागे विहीर, पुढच्या अंगणात सुरंगीचं झाड. झाडाच्या मुळाशी एक दगड होता. आमच्याकडे प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, त्याला जागेवाला म्हणतात. हा दगड त्याचा. घरात कोण राहायला आलं, विहीर उपसली, नवा माड लावला की त्याला सांगावं लागतं, आणि वर्षाला एक कोंबडा द्यावा लागतो. मग तो जागा सांभाळतो. भाडेकरू असलात तरी त्यातून सूट नाही.

आम्ही मुली गावोगावच्या. एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायचो. माझी जवळची मैत्रीण ती चौक्याची. स्वयंपाकाला समोरच्याच घरातल्या एक विधवा बाई होत्या, त्यांना सगळ्या मावशी म्हणायचो. आणि संस्थेच्या प्रमुख त्या बाई. बाई पन्नाशीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, निवृत्त शिक्षिका. स्वतःच्या घरचं बाजूला ठेवून त्या पुण्याहून एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत आमच्यासाठी यायच्या. त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्या पुण्याच्या होत्या आणि मासे खात नव्हत्या.

उद्घाटनाच्या दिवशी गावातले एक वयस्क मानकरी गाऱ्हाणं घालायला आले. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून खणखणीत आवाजात आपलं म्हणणं मांडायचं. एकाने नारळ धरून बोलायचं, बाकीच्यांनी हात जोडून दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांचं "व्हय" पडलं की तो शब्द देवाकडे जमा झाला. मग तो मोडता येत नाही. हे आम्हांला कुणी शिकवलेलं नव्हतं, जसं पाण्यात पडल्यावर भिजतो हे कुणी शिकवत नाही.

मानकऱ्यांनी बाईंना विचारलं, "तुमचा काय मागणा आसा ता सांगा. देवाच्या कानार घालतंय."

बाईंनी हे आभारप्रदर्शनासारखं काहीतरी धरलं असावं. त्यांनी सांगितलं की मुलींनी चांगला अभ्यास करावा, त्यांची प्रकृती चांगली राहावी, परिसर स्वच्छ राहावा. आणि जाता जाता सांगितलं, की इथे सात्त्विक आहार असेल, मासे-मटण या जागेत येणार नाही.

मानकऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. पण माणूस प्रामाणिक. सांगितलं ते सगळं त्यांनी क्रमाने देवाला सांगितलं.

"ही चेडवा मोठी विद्वान होवंदेत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांच्या केसाक धक्को लागाचो नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गडग्याच्या आत मासळी येवची नाय, मटाण येवचा नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. मावशींनी म्हटलं. माझ्या आईनेही ओठ हलवले. गाऱ्हाण्यात "व्हय" म्हणायचं असतं, ऐकायचं नसतं. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि खोबरं चावता चावता चौक्याची मला म्हणाली, "गो, आपण आता काय म्हटला?"

पहिले दोन महिने निभावले. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि त्यानंतर श्रावण आला, म्हणजे वसतिगृहाचं आणि देवाचं एकमत होतं. बाईंनी पुण्याहून आठवड्याच्या जेवणाचा बेत ठरवून दिला होता. पोळी, मटकीची उसळ, आणि गूळ घातलेली आमटी. मावशींनी आयुष्यात आमटीत गूळ घातला नव्हता. त्या तो डोळे मिटून घालायच्या.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या समुद्रात गेल्या. मग बांगडा आला. त्या वर्षी बांगडा असा आला की बाजारात कोळणी हाका मारून मारून देत होत्या. संध्याकाळी प्रत्येक घरातून निस्त्याकाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, त्यातही तिरफळं घातलेल्या तिखल्याचा वास यायचा आणि गडगा ओलांडून आत यायचा. वासाला कुणी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. मावशी रात्री आपल्या घरी जाऊन मासे खायच्या आणि सकाळी आमच्यासमोर तोंडावर पदर धरून उभ्या राहायच्या. आम्ही गुळाच्या आमटीत भात कालवून त्यांच्याकडे बघायचो.

ज्याला हे कळत नाही त्याला समजावण्यात अर्थ नाही, तरी सांगते. आमच्या घरात दोन वेळचा भात मुश्किलीने होता. त्या भातावर सुक्या बांगड्याचा एक भाजलेला तुकडा असला की ते जेवण व्हायचं. तो नसला की नुसतं पोट भरायचं. हा जिभेचा चोचला नव्हता. आमच्या गरिबीत जी एक गोष्ट चविष्ट होती, तीच आम्हांला वसतिगृहाबाहेर ठेवावी लागली होती.

गणपतीच्या सुटीला मुली घरी गेल्या आणि निम्म्या परत आल्याच नाहीत. उरलेल्यांपैकी काही शनिवारी घरी जायच्या आणि सोमवारी यायचं विसरायच्या. आपण माशांसाठी शाळा सोडली हे कुणी कसं सांगणार? लोक काय म्हणतील? म्हणून कुणी आई आजारी पाडली, कुणी कापणी काढली, आणि आज्यांचं तर मी सांगितलंच.

पुण्याला ही कारणं पोचली तेव्हा तिथल्या बायकांची मनं भरून आली. त्यांनी रात्रंदिवस खपून आमच्यासाठी लोकरीचे स्वेटर विणले. पार्सल आलं. मालवणात ऑक्टोबरच्या उन्हात माड सुद्धा घामेजतात. बाईंना फोटो पाठवायचा होता म्हणून आम्ही ते घालून अंगणात ओळीने उभ्या राहिलो. फोटोत आमची तोंडं लालबुंद आली आहेत. पुण्यात ते पाहून मुलींची तब्येत सुधारल्याचं बोललं गेलं म्हणे. माझ्या स्वेटरची मी उशी केली, आणि चांगली झाली.

दसऱ्यानंतर बाई स्वतः आल्या. तोवर आम्ही पंगतीची एक ओळ भरेल इतक्याही उरलो नव्हतो. बाईंनी आम्हांला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की संस्थेच्या समितीने आता हात टेकले आहेत. इतक्या थोड्या मुलींसाठी घर चालवणं परवडत नाही. दिवाळीत वसतिगृह बंद होईल. पालकांना त्यांनी रविवारी बोलावलं होतं.

त्या रात्री मी आईची बोटं आठवत पडून राहिले. माझीही तशी होणार हे मला पहिल्यांदाच खरं वाटलं. मला गणितात रस वाटायला लागला होता. अर्धं सोडवलेलं एक प्रमेय वहीत तसंच पडून राहणार, याचं मला वेड्यासारखं रडू आलं.

रविवारी बाकीच्या पालकांची भातकापणी होती, म्हणून ते आले नाहीत. कापणी माझ्या आईचीही होती, पण बोलावणं आलं म्हणजे जायचं, असं तिचं होतं. ती सकाळच्या गाडीने आली, माझी पत्र्याची ट्रंक भरली, कडी लावली आणि तिच्यावर बसली. "झाला ता झाला," ती म्हणाली. "आठवीचे चार महिने तरी झाले. वाडीत कोणाचे झालेत?"

बाई हे बघत दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले. त्यांनी मला जवळ बोलावलं. "मी इतक्या घरी जाऊन आले. प्रत्येक जण वेगळं सांगतो. तू तरी खरं सांग. आमचं काय चुकलं?"

आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी माझ्या बऱ्यापैकी शुद्ध मराठीत सांगितलं, "बाई, मासे नाहीत."

"काय नाहीत?"

"मासे. जेवणात."

 बाईंना त्या सगळ्या मेलेल्या आज्या आठवत असाव्यात. मग त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, मग खायचे ना! मला एका शब्दाने बोलला असतात तर!" आणि पर्स उघडून मावशींना म्हणाल्या, "जा, आत्ताच्या आत्ता घेऊन या. काय ते बांगडे का काय."

मला वाटलं, प्रश्न सुटला. मला बाईंचे पाय धरावेसे वाटले.

मावशी गेल्या, बांगडे घेतले, आपल्या घरी तिखला केला, पातेलं कमरेवर घेऊन आल्या आणि गडग्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. आत येईनात. आम्ही आत भात वाढून बसलो होतो. मधे फाटक उघडं होतं.

"या ना आत," बाई म्हणाल्या.

"कशी येव? शब्द दिलेलो आसा."

"मीच तर घातली होती ती अट. मी परवानगी देते."

"तुमची परवानगी घेवन काय करू, बाई? जागेवाल्याची व्हयी."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं, मदतीच्या अपेक्षेने. आम्ही खाली भाताकडे पाहिलं. पातेल्याचा वास येत होता, तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि एकीनेही उठायचं धाडस केलं नाही. ज्या हायस्कुलात पृथ्वीचं परिभ्रमण शिकल्या होत्या त्याही उठल्या नाहीत. मीही.

शब्द सोडवून घ्यायचा तर परत गाऱ्हाणं घालायला हवं. मानकरी डोळ्यांच्या ऑपरेशनला मुंबईला मुलाकडे गेलेले, ते दिवाळीनंतर येणार. गाऱ्हाणं घालणाऱ्या शेजारच्या दुसऱ्या गृहस्थांना मावशींनी रस्त्यावरूनच विचारलं. ते म्हणाले, त्यांनी बांधलेलं मी सोडणार नाही, ज्यांनी "व्हय" म्हटलंय त्यांनीच बघावं. आणि आत निघून गेले.

बाई हिंमतीच्या. त्यांनी स्वतः नारळ घेतला आणि सुरंगीखाली उभ्या राहिल्या. "हे स्थानदेवते, अनवधानाने आमच्याकडून जो संकल्प घडला, त्यातून मुलींच्या शैक्षणिक हिताचा विचार करून आम्हांस मुक्त करावे, ही नम्र विनंती."

त्यात "व्हय" कुठे म्हणायचं तेच आम्हांला कळलं नाही. कुणीच म्हटलं नाही. चौक्याची खोकली. फाटकाबाहेर एक मांजर येऊन मावशींच्या पायाशी बसलं.

आई ट्रंकेवरून हललेली नव्हती. तिने दारातून उन्हाकडे पाहिलं. परतीची गाडी दुपारची होती.

माझे वडील आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचे. मानाने नव्हे, आवाज चांगला म्हणून. दुसऱ्यांच्या म्हशीपासून दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नापर्यंत त्यांनी देवाला सगळं सांगितलं, फक्त स्वतःच्या तापाचं सांगायचं राहिलं. मी लहानपणी त्यांच्या धोतराला धरून उभी असायचे. मला ते सगळं पाठ होतं. पण बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तर बाईमाणूसही नव्हते अजून.

मी भातावरून उठले आणि बाईंच्या हातातून नारळ घेतला. तोंड उघडलं आणि वडिलांचा सूर निघाला. मला वाटलं होतं त्याहून मोठ्याने.

"बा देवा, जागेवाल्या म्हाराजा!"

  मग गडग्याबाहेरून, पातेलं कमरेवर तसंच धरून, मावशी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

"परगावची चेडवा तुझ्या पायाकडे ऱ्हवाक इली आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता मुलीही होत्या.

"पावसात तुका एक शब्द दिलो. समाजलो नाय, सवयीन व्हय म्हटला. तो शब्द आमका झेपणा नाय. तो तू सोड, आणि चुकला माकला पोटात घाल, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"वर्षाचो तुझो कोंबो तुका पावतलो, म्हाराजा."

हे "व्हय" सगळ्यांत जोरात आलं.

इथे थांबायचं होतं. मासे सुटले होते. पण वडील कधी मागणं मागून तिथेच थांबत नसत, शेवटी घराचं म्हणणं सांगत. माझ्या तोंडून ते आपोआप पुढे निघालं.

"आणि ह्या चेडवांचा शिक्षण पुरा होयसर ह्या घराचा दार उघडा ऱ्हवांदे. कोणाच्याय आयशीक ट्रंक उचलून न्हेवची पाळी हाडू नको. बारा वाटा आसत, त्येंची एक वाट कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मुली म्हणाल्या, मावशी म्हणाल्या. त्यात एक आवाज आईचा होता. तो आवाज वडिलांच्या गाऱ्हाण्याला मी लहानपणापासून ऐकलेला, आणि ते गेल्यापासून ऐकला नव्हता. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, नाहीतर नारळ हातातून पडला असता.

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकट्या, थोड्या उशिरा, बाई म्हणाल्या, "होय महाराज."

मी नारळ फोडला. मावशी फाटकातून आत आल्या, पातेलं खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि बाईंना म्हणाल्या, "बाई, तुमी व्हय म्हटलास."

"हो. सगळे म्हणत होते म्हणून—"

"आमी पण तसाच म्हटला होता."

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी सुरंगीखालच्या दगडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "म्हणजे मी नक्की कशाकशाला होय म्हटलंय?"

"ह्येंचा शिक्षण पुरा होयसर दार उघडा," मावशी म्हणाल्या. "आणि कोंबो."

"शिक्षण पूर्ण होईपर्यंत! आणि समितीला मी काय सांगू?"

"देवाक शब्द दिलंय म्हणान सांगा. आणि काय सांगतालास?"

बाई ओट्यावर बसल्या. त्यांना हसू येत होतं की रडू ते मला कळलं नाही, बहुतेक त्यांनाही नसावं. त्या संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेल्या. समितीला त्यांनी काय सांगितलं ते माहीत नाही, पण दिवाळीनंतर वसतिगृह उघडं होतं, आणि बांगड्याची बातमी गावोगाव गेल्यावर बऱ्याच आज्या परत जिवंत झाल्या. मी तिथून दहावी झाले. दर वर्षी बाई येताना कोंबड्याचे पैसे वेगळ्या पुडीत बांधून आणायच्या आणि तो दिवस विहिरीकडे तोंड करून काढायच्या. एकदाही चुकवला नाही.

पण हे पुढचं. त्या दुपारी मावशी वाढायला लागल्या आणि आई अजून ट्रंकेवर बसलेली होती. मला भीती वाटली की तिने ऐकलंच नाही, की ती आता म्हणेल, चल, गाडी चुकतली. ती उठली. वाकून तिने आपल्या काळ्या बोटांनी ट्रंकेची कडी काढली, माझा स्वेटर बाहेर काढून उशाला ठेवला, आणि ट्रंक पायाने कॉटखाली सरकवली.

"हात धू," ती म्हणाली. "निस्त्याक थंड होता."